वाढत्या अंगाचे टायर

शनिवार, १६ ऑगस्ट २०२५

रोजनिशी पुन्हा सुरू करत आहे. शेवटची लिहिली तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा धरणाच्या साइटवर, जवळपास शाळा नाही, म्हणून तिसरीपर्यंत आईनेच घरी शिकवलं. रोजनिशी हा गृहपाठ. तिचा नियम असा की, खोटं लिहायचं नाही. चुकून लिहिलं गेलं तर खोडायचं नाही, खाली 'दुरुस्ती' म्हणून खरं काय ते मांडायचं. हा नियम मी पाळणार आहे.

तेव्हा सुरुवातीलाच स्पष्ट करते. मी मत्सरी नाही.

आज शंतनूची गाडी आली. ट्रेलरवरून. १९७० ची शेव्हेल, निळी, दोन दारांची. अशा गाड्यांना मसल कार म्हणतात. इंजिन मोठं, शिस्त शून्य. शंतनू तिच्या बॉनेटवरून हात फिरवत गॅरेजमध्ये उभा होता, पायांत नुसते मोजे. लग्नाला दोन वर्षं झाली. मला ताप आला तेव्हा याने लांबून थर्मामीटर दिला होता.

गाडी उतरते न उतरते तोच सुवर्णा हजर. ती शंतनूच्या टीममध्ये आहे, नागपूरची, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते. तिच्याकडेही जुनी गाडी आहे, १९६७ ची इम्पाला, लांबीला आमच्या लिव्हिंग रूमएवढी. आल्या आल्या बाई चांगल्या कुर्त्यात जमिनीवर झोपली आणि शेव्हेलखाली गेली. बाहेर येऊन म्हणाली, 'शंतनू यार, टायरला भेगा आहेत, दोन रिम वाकड्या आहेत. चाकं-टायर सगळं नवीन लागणार.' लोक डॉक्टरकडे बघतात तसा तो तिच्याकडे बघत होता.

मग मला म्हणाली, 'हाय आसा!'

माझं नाव आसावरी आहे. चारच अक्षरं आहेत, त्यांत काटकसर करण्यासारखं काही नाही.

दुरुस्ती: तिच्या चहात साखर घालायची विसरले असं मी शंतनूला सांगितलं. विसरले नव्हते.


सोमवार, १८ ऑगस्ट

जेवताना शंतनूने कार्यक्रम जाहीर केला. २ ऑक्टोबरला दसरा, त्या दिवशी गाडीची पूजा. ५ ऑक्टोबरला रविवारी इथे ओहायोतल्या आमच्या डब्लिनच्या जुन्या गावठाणात जुन्या गाड्यांचा शो, तिथे शेव्हेल न्यायची. पुढच्या सीटवर सुवर्णाला बसवायचं, कारण तिला नुसत्या आवाजावरून बिघाड कळतो. मी शेजारच्या शोभाकाकूंना घेऊन आपल्या नेहमीच्या गाडीतून मागून यायचं. म्हणाला, 'तुला पेट्रोलच्या वासाने मळमळतं ना, म्हणून.'

मळमळतं हे खरं आहे. पण हा मुद्दा नाही.

निश्चय: दसऱ्याला आणि शोला पुढच्या सीटवर मी बसणार. पण हट्ट करून नाही, पात्रतेने. शेव्हेलची चाकं आणि टायर मी निवडणार. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. लोकांच्या नजरेतून सुटलेलं शोधून काढणं हाच माझा पगार आहे. रबराच्या चार कड्यांची ती काय कथा?


बुधवार, २० ऑगस्ट

अभ्यास सुरू. टायरवर लिहिलेलं असतं 235/60R15. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंची, पण ती रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! पोहे वाटीने, तेल तोळ्यांत आणि मीठ टक्क्यांत सांगणाऱ्या बाईवर कुणी विश्वास ठेवेल का?

सगळं पाठ केलं. शंतनूसमोर सहज म्हणून दाखवलं. तो म्हणाला, 'वा! सुवर्णानेही मला हे असंच समजावलं होतं, फक्त चित्र काढून.'

मी चित्र काढू शकते. मुद्दाम काढलं नाही.


बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती. शोभाकाकूंकडे आरती. काकू शेजारच्या टाउनहाउसमध्ये मुलाकडे आल्या आहेत. मुलगा दिवसभर कामावर असतो, त्यामुळे त्या आमच्याकडेच जास्त असतात. ओहायो स्टेटला एम.एस. करणारी सावनी आली होती, तिने फार गोड गायलं. इकडे शंतनू आणि सुवर्णा मागे उभे राहून हळू आवाजात बॅकस्पेसिंगवर बोलत होते. बॅकस्पेसिंग म्हणजे रिमची आतली कड गाडीकडे किती सरकलेली आहे ते माप. देवासमोर हे बोलायचं का? मी झांज जरा जास्त जोरात वाजवली. सुवर्णाने बघितलं आणि हसून अंगठा दाखवला. तिला वाटलं, मी रंगात आले आहे.

नंतर मोदक वळताना काकू मला म्हणाल्या, 'अगं, सवत परवडली. तिच्याशी भांडता तरी येतं. गाडीशी काय भांडणार?' मी म्हटलं, काकू, मला गाडीचा काही त्रास नाही. त्या म्हणाल्या, 'मग कुणाचा आहे?'

मी मोदकाची पाकळी मोडली.


शनिवार, ६ सप्टेंबर

मी थालीपीठ लावत होते. शंतनूचा फोन स्पीकरवर. सुवर्णा सांगत होती, माप घेताना गाडी जमिनीवर हवी, सगळं वजन चाकांवर हवं, आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना अगदी शेवटपर्यंत वळवून बघायचं. शेवटी, 'आसाला दे ना माप घ्यायला, ती नीट आहे.'

नीट. मला नीट म्हणाली. रांगोळीला म्हणतात तसं.

शंतनू म्हणाला, घेशील का? मी म्हटलं, बघते वेळ मिळाला तर. पीठ बोटांना चिकटलं होतं, ते तसंच वाळलं.


रविवार, ७ सप्टेंबर

माप घेतलं. चार तास लागले. आईच्या पद्धतीने घेतलं.

आई शिवणकाम करायची. अपूर्णांक मी फळ्यावर शिकले नाही, टेपवर शिकले. ती म्हणायची, टेप ताणला जातो, हात हलतो, म्हणून वाकड्या जागी दोरा धरावा, गाठ मारावी आणि मग दोरा टेपवर ठेवावा. मी तसंच केलं. प्रत्येक चाकाभोवती तीन-तीनदा. पुठ्ठ्याचे साचेही कापले. काकू बघायला आल्या होत्या, म्हणाल्या, 'गाडीला ब्लाउज शिवतेस का गं?'

गाडी शंतनूने लोखंडी स्टँडवर उचलून ठेवलेली आहे, चाकं खाली लोंबकळत. टायर आणि वरचं फेंडर, म्हणजे चाकावरचा वळलेला पत्रा, यांच्यामध्ये माझी चार बोटं आरामात गेली. बाहेरच्या बाजूलाही जागा. ऐसपैस.

स्टीअरिंग वळवून बघितलं नाही. कारण एक, जड आहे. कारण दोन, गाडी मुख्यतः सरळच जाते. कारण तीन, सगळंच तिने सांगितलेलं करायचं तर मग मी कशाला?

दुरुस्ती: जड नव्हतं. हात लावलाच नाही.


शनिवार, १३ सप्टेंबर

आज निकालाचा दिवस. सुवर्णाने व्हॉट्सॲपवर पाठवलं: पंधरा इंची रिम, पुढे 235, मागे 255. खाली लिहिलं होतं, 'आसाचं माप बघून फायनल करा.' हे शेवटचं वाक्य मला आवडलं नाही. उपकार केल्यासारखं होतं.

माझा निर्णय: पुढे 255, मागे 275. दोन्हीकडे एक माप वर. यामागे विचार आहे. आमच्या घरी अंगाबरोबर बसणारं काही कधी घेतलंच नाही. फ्रॉक वाढत्या अंगाचा, बूट पुढे कापूस घालून, दप्तर चौथीत घेतलं ते दहावीपर्यंत. शिवताना आई शिवणीच्या आत जादा कापड ठेवायची, त्याला माया म्हणतात. तिचं म्हणणं, कमी पडलं तर रडावं लागतं, जास्त झालं तर दुमडता येतं. इतकी वर्षं या नियमाने कुणाचं काही अडलं नाही.

शंतनू म्हणाला, 'अगं पण गाडी वाढत नाही.' मी म्हटलं, हौस वाढते. आज 235 घेशील आणि वर्षाने म्हणशील, जरा रुंद हवे होते. शिवाय जागा आहे, चार बोटं, मी स्वतः मोजली आहे. तू मोजलीस? तिने मोजली?

तो म्हणाला, 'सुवर्णाला विचारू का एकदा?'

मी भांडी घासायला घेतली. डिशवॉशर असताना.

तो पाठीमागे येऊन उभा राहिला. म्हणाला, बरं, तूच निवड, तुझी निवड फायनल. मी विचारलं, आणि पुढची सीट? तो म्हणाला, 'कसली पुढची सीट?' त्याला आठवतसुद्धा नव्हतं! मी महिनाभर ज्याच्यासाठी टक्केवारी पाठ करते आहे ते याला आठवत नाही. मग म्हणाला, 'हो हो, बस की पुढे. मला वाटलं, तुला नको असतं.'

जिंकले.


शनिवार, २० सप्टेंबर

चाकं आली. काळ्या मध्याची, चकचकीत कडेची. टायरही आले. शंतनूला मी बघू दिले नाहीत, दसऱ्याच्या आदल्या दिवशी लावतानाच बघायचे. एकटी टायरवाल्याकडे घेऊन गेले. तो दाढीवाला माणूस फार सभ्य. त्याने विचारलं, टायर रिमवर चढवण्याआधी एक चाक गाडीला लावून बघितलंत ना? एकदा चढवले की परत करता येत नाहीत. मी म्हटलं, माप घेतलं आहे. त्याने विचारलं, वळवून? मी म्हटलं, भरपूर माया ठेवली आहे. मायेला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, म्हणून हाताने दाखवलं. त्याला वाटलं मी आशीर्वाद देते आहे. त्याने मान लववली.

चढवले.

सुवर्णा संध्याकाळी डोकावली. चाकं चादरीखाली होती. तिने विचारलं, 'काय घेतलंस गं?' मी म्हटलं, दसऱ्याला कळेल. 'आसा, यू आर फुल ऑफ सस्पेन्स यार,' असं म्हणून ती निघून गेली. तिने आग्रह केला असता तर सांगितलं असतं. नाही केला. आत्मविश्वास असलेल्या बायका अशाच वागतात आणि लोकांना तो स्वभाव वाटतो.


बुधवार, १ ऑक्टोबर

चाकं लागली. गाडी जमिनीवर उतरली. शंतनू चारदा गोल फिरला. म्हणाला, 'काय दिसतात यार!' मला यार म्हणाला. पहिल्यांदाच. मागून बघितलं तर गाडी आखाड्यात उतरलेल्या पैलवानासारखी दिसते.

चार बोटांच्या जागी आता दोन जातात. एक करंगळी धरली तर. जमिनीवर उतरल्यावर गाडी थोडी बसली असावी. बसू दे.

झेंडू आणला. लिंबं, नारळ आणि आपट्याची पानं आणली. उद्या सकाळी पूजा. निळा ड्रेस काढून ठेवला आहे, गाडीला शोभेल असा. मळमळीची गोळी पर्समध्ये.


गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

पूजा उत्तम झाली. बॉनेटवर स्वस्तिक, आरशाला झेंडूची माळ. काकूंनी आरती म्हटली. शंतनूने नारळ फोडला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. सुवर्णा ऑफिसला जाता जाता थांबली होती, ड्राइव्हवेच्या कडेला, हातात कॉफी. मी पुढच्या सीटवर बसले. दार लावलं. त्या दाराचा आवाज फार सुंदर आहे. मी सुवर्णाकडे बघितलं नाही.

दुरुस्ती: बघितलं. नीट बघितलं.

इंजिन सुरू झालं, काकूंनी कानांवर हात ठेवले. गाडी हलली, चारही लिंबं एकदम फुटली. शुभ. शंतनूच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही सरळ ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत आलो. तिथे डावीकडे वळायचं होतं.

शंतनूने स्टीअरिंग वळवलं. खर्रर्र असा आवाज आला, ओल्या फळ्यावर खडू ओढावा तसा, पण कितीतरी मोठा. त्याने उजवीकडे वळवून बघितलं. तोच आवाज, दुसऱ्या बाजूने. पुढचा टायर फेंडरच्या आत शिरून अडकत होता. माझी माया सगळी तिथे जाऊन बसली होती.

तेवढ्यात शाळेची पिवळी बस आली. आम्ही आडवे. बसमधली मुलं खिडक्यांना चिकटली. मागे सरकावं तर मागे वॉकर धरून काकू, एका हातात ताम्हन. शंतनूला काही सुचेना. गाडी फक्त सरळ जात होती, म्हणून त्याने ती सरळ घेतली. रस्ता ओलांडून. समोरच्या बार्बराच्या ड्राइव्हवेमध्ये.

अशा प्रकारे शेव्हेलचा पहिला प्रवास झाला. बार्बरा गाऊनमध्ये बाहेर आली. तिला वाटलं, आमच्या सणाची हीच पद्धत असते, नटवलेली गाडी घेऊन शेजाऱ्यांना भेटायचं. फार हेलावली. आत जाऊन कुकीज घेऊन आली. आम्ही खाल्ल्या. मी तिला आपट्याची पानं देऊन सोनं म्हटलं, कारण काहीतरी करणं भाग होतं.

परत येताना सरळ मागे.

दोन्ही वेळा पुढच्या सीटवर मी होते. हे नोंदवणं आवश्यक आहे.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

शंतनू रागावत नाही, हाच त्याचा दोष आहे. काल रात्री जेवताना म्हणाला, 'असू दे. पुढच्या वर्षी जाऊ शोला.' आणि मोबाइलमध्ये शोची पोस्ट उघडून, बघून, बंद करून ठेवली. एवढंच.

मी सुचवलं की, फेंडरची कड आत दुमडून घेता येईल. जास्त झालं तर दुमडायचं, आईने सांगितलंच होतं. असं करतात, मी वाचलं आहे. शंतनू पांढरा पडला. पंचावन्न वर्षं जुनं ओरिजिनल फेंडर. म्हणाला, 'हातोडा लपवून ठेवू का?'

संध्याकाळी सुवर्णा आली. मी स्वयंपाकघरातच थांबले. तिने हसावं अशी माझी अपेक्षा होती, म्हणजे मला रागावता आलं असतं. ती हसली नाही. गाडीखाली गेली, बाहेर आली आणि माझे पुठ्ठ्याचे साचे हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. म्हणाली, 'हे कोणी कापले?' मी म्हटलं, मी. 'आणि हे दोऱ्याचं काय आहे, गाठी मारलेल्या?' मी सांगितलं. ती स्टुलावर बसली. म्हणाली, 'आसा, इतकं अचूक माप मला कधीच जमलेलं नाही. फक्त चाकं वळवायची राहिली. सांगायला हवं होतं मी तुला.'

तिने सांगितलं होतं. थालीपिठाच्या दिवशी. मी काही बोलले नाही.

दुरुस्ती: बोलले. मी म्हटलं, 'हो, सांगायला हवं होतंस.'

मग ती म्हणाली, ही चाकं-टायर तिच्या इम्पालाला बरोबर बसतील. ती गाडी मोठी, चाकांची घरं मोठी, बोल्टही तेच. पुढच्या महिन्यात ती नवीन घेणारच होती. हे सगळं ती घेते आणि शंतनूसाठी नवीन रिमवर 235 आणि 255 मागवते. अट एकच. इम्पालाचं माप मी घ्यायचं. वळवून.


शनिवार, ४ ऑक्टोबर

दिवसभर सुवर्णाच्या गॅरेजमध्ये. शोध घेण्याच्या उद्देशाने गेले होते.

तिथे रेडिओ आहे, खारे शेंगदाणे आहेत आणि प्रत्येक पाना आपापल्या खिळ्यावर आहे, आकाराप्रमाणे. असं गॅरेज मी बघितलेलं नाही. तिने स्टीअरिंग डावीकडे शेवटपर्यंत वळवलं, मी दोरा धरला. उजवीकडे वळवलं, दोरा धरला. ती आकडा मोठ्याने म्हणायची, मी पुन्हा म्हणायचे. चाकं लावली. वळवली. आवाज नाही. मध्ये दोन बोटं, व्यवस्थित.

सुवर्णाने मला टाळी दिली. माझ्या हाताला ग्रीस लागलं. ते जरा वेळ तसंच ठेवलं.

शंतनूचा फोन आला होता, जेवायला काय आहे. मी सांगितलं, फ्रीजमध्ये बघ.


रविवार, ५ ऑक्टोबर

शोला गेलो. इम्पालातून. तिला पुढे सलग सोफ्यासारखी सीट आहे, तीन माणसं बसतात. सुवर्णा चालवायला, मध्ये मी, खिडकीशी काकू. शंतनू मागे, काकूंच्या वॉकरबरोबर. त्याने एकदा विचारलं की, मागे आवाज ऐकू येत नाही, काय चाललंय? आम्ही हसत होतो, कशावर ते सांगण्यासारखं नव्हतं.

मळमळलं नाही.

शोमध्ये एक पांढऱ्या मिशांचे आजोबा इम्पालाभोवती फिरले, खाली वाकले, म्हणाले, ही चाकं अगदी या गाडीसाठीच जन्मली आहेत, कोणी निवडली? सुवर्णाने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणाली, 'शी इज माय मेजरमेंट डिपार्टमेंट.' आजोबांनी स्वतःच्या गाडीसाठी माझा सल्ला विचारला. मी म्हटलं, आधी वळवून बघा.

सावनी मैत्रिणींबरोबर आली होती. सुवर्णाने तिलाही बॉनेट उघडून दाखवलं. सावनीने फार प्रश्न विचारले. बाळबोध होते.

सुवर्णाबद्दल माझे काही गैरसमज होते, ते गेले. आसा हे नाव तसं सुटसुटीत आहे.


रविवार, १२ ऑक्टोबर

इम्पालाचा सायलेन्सर बदलायचा आहे. नळीचं माप मीच घ्यायचं असं ठरलं आहे, म्हणजे सुवर्णा म्हणाली, 'करू कधीतरी.' मी पुठ्ठा आणि नवीन दोरा आणला, मेण लावलेला, ताणत नाही. शंतनूची चाकं-टायरही आली आहेत. तो मदतीला हाक मारत होता. त्याला म्हटलं, बॉक्सवर लिहिलेलं असतं, वाच.

निश्चय: सुवर्णाला सारखे मेसेज करायचे नाहीत. तिने म्हणावं.

दुरुस्ती: दोन केले.


शनिवार, १८ ऑक्टोबर

सकाळी चकल्या पाडल्या. सुवर्णासाठी वेगळा डबा भरला. मेसेज नाही.

शंतनूने नवीन चाकं एकट्याने बसवली. पुढे 235, मागे 255. दुपारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली आला आणि शेव्हेलचं दार उघडून उभा राहिला. म्हणाला, 'चल. पहिली चक्कर. पुढे तू.' दाराच्या खणात माझी मळमळीची गोळी आणि पाण्याची बाटली ठेवली होती. मी चकलीचा डबा मांडीवर घेऊन बसले.

तो म्हणाला, कुठे जाऊ या? मी म्हटलं, कुठेही, इथून डावीकडे घे. मग म्हटलं, आता पुन्हा डावीकडे. तो म्हणाला, ही तर सुवर्णाची गल्ली. मी म्हटलं, असेल.

तिचं गॅरेज उघडं होतं. रेडिओ चालू. इम्पाला वर उचललेली, सुवर्णाचे पाय गाडीबाहेर दिसत होते. आणि मागच्या बंपरपाशी सावनी. गुडघ्यांवर बसलेली, हातात टेप. मांडीपाशी शेंगदाण्यांचा वाडगा. सुवर्णा खालून आकडा ओरडत होती आणि सावनी तो पुन्हा म्हणत होती. गोड आवाजात.

मी शंतनूला सांगितलं, अजून एक चक्कर घे. त्याने घेतली. आणि अजून एक. तिसऱ्या वेळी सावनीने आम्हाला हात केला. सुवर्णाचे पाय हललेसुद्धा नाहीत.

डबा परत घरी आणला. चकल्या मऊ पडतील.

मला काही वाटलं नाही. माणसाने शिकावं, शिकू द्यावं. फक्त गाडीच्या हितासाठी कोणीतरी सांगायला हवं की, दोरा लागतो.

गॅरेजमध्ये गाडी थांबल्यावर शंतनूने इंजिन बंद केलं. मग हळूच म्हणाला, 'आसावरी, एवढ्या वेळा डावीकडे वळलो, एकदाही घासलं नाही. ऐकलंस ना?'

माझं लक्षच नव्हतं. सावनीने टेपची सेंटिमीटरची बाजू वर धरली होती, आणि तेच आकडे इंच म्हणून वाचत होती.